सगळे आले की निघू

मी बोलतेय, या पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली घरगाडी. इथले लोक मला आरव्ही म्हणतात. पुढे गाडी, मागे घर. शेगडी आहे, फ्रीज आहे, न्हाणीघर आहे, दोन बाकांच्या मधे जेवायचं टेबल आहे, मागे पलंग आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा. एवढा संसार पाठीवर घेऊन पळायचं म्हणजे खायचं काम नाही. पण पळाले असते हो मी. कुणी पळवलं तर पाहिजे ना.

जन्म माझा इंडियानातल्या एका कारखान्यातला. तिथं आम्ही रांगेनं जन्माला येतो, बारसं नाही की कौतुक नाही. एका पोरगेल्या ड्रायव्हरनं मला तिथून टेक्ससपर्यंत आणलं. वाटेत नद्या लागल्या, एकदा पाऊस लागला. मला वाटलं, वा, आता जन्मभर हेच. आयुष्यातली ती माझी पहिली लांबची दौड, आणि तीच शेवटची.

टेक्ससमधल्या लबक शहरातल्या गाड्यांच्या बाजारातून मला वेल्डन हॅस्किन्सनं घेतलं. उभी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेलेली. बोलायला कमी, बोल्ट आवळायला जास्त. यंत्रांच्या धडधडीनं कान मंदावलेले, म्हणून फोनवर बोलायचं तर स्पीकर लावून. त्यामुळे त्या घरातलं एकही गुपित माझ्यापासून लपलं नाही. नुकताच निवृत्त झाला होता तो, आणि बायकोला फिरवायचं म्हणून त्यानं मला घरी आणलं.

बायकोचं नाव ओटिली. सगळे तिला टिली म्हणत. ती आत आली ती थेट माझी कपाटं उघडून बघायला लागली. पातेली कुठं मावतील, पोरं कुठं झोपतील. सगळं बघून झाल्यावर बाकावर बसली आणि म्हणाली, पहिली फेरी माझ्या गावाला. फ्रेडरिक्सबर्गला. आणि जायचं ते सगळ्यांनी.

त्या गावाला आता शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. कुठून कुठून लोक येतात, दुकानं बघतात, जर्मन सॉसेज खातात, फोटो काढतात. टिलीला त्यातलं काही नको होतं. तिच्या वडिलांची गावाबाहेर पीचची बाग होती, ती केव्हाच विकली गेली. तिला एवढंच हवं होतं की जूनमध्ये नातवंडांनी झाडावरून तोडलेला पीच खावा, रस कोपरापर्यंत ओघळावा, आणि रात्री सगळ्यांनी एका छपराखाली दाटीवाटीनं झोपावं. लहानपणी ती आणि तिची भावंडं ओसरीवर तशी ओळीनं झोपायची. साधी हौस होती हो. चंद्र मागितला नव्हता तिनं.

बेत आखायचे ते माझ्या टेबलावर. घरात टीव्ही लागलेला असतो, इथं डोकं चालतं, असं टिली म्हणे. वेल्डन नकाशा पसरायचा. बिग स्प्रिंगवरून जायचं की स्वीटवॉटरवरून, कुठल्या पंपावर माझ्या लांबीची गाडी वळते, कुठं वारा आडवा लागतो, सगळं तो पेन्सिलीनं खुणा करत मोठ्यानं बोलायचा. टिली झोपायच्या जागा वाटायची. मुलगा रॉइस आणि त्याची बायको टेबलाचा पलंग करून, त्यांची दोन्ही पोरं बाहेर तंबूत, मुलगी जॅनेल आणि नवरा माळ्यावर, आणि पुढे जॅनेलला हॅडली झाली तशी ती आजीजवळ. ‘आणि मी?’ वेल्डन विचारायचा. ‘तू घोरतोस. तू स्टिअरिंगवर डोकं ठेव,’ असं म्हणून ती हसायची. मला ते फार आवडायचं.

पण घोडं अडायचं ते फोन लावल्यावर. रॉइस तेलाच्या विहिरींवर कामाला, मिडलंडकडे. दोन आठवडे कामावर, एक आठवडा घरी, आणि तो आठवडा नेमका कधी येईल ते त्याच्या मुकादमाला ठाऊक. जॅनेल डॅलसजवळ. तिच्या नवऱ्याची सुटी, तिची सुटी, हॅडलीची पाळणाघराची गडबड. एका वर्षी रॉइसच्या पोरांचा फुटबॉलचा सराव. एका वर्षी सगळं जुळलं, अगदी दृष्ट लागावी तसं जुळलं, तर मार्चअखेरीला कडक गारठा पडला आणि पीचचा फुलोराच जळून गेला. फळच नाही तर जायचं कशाला, म्हणून पुढच्या वर्षावर गेलं. दर वेळी टिली फोनवर म्हणायची, असू दे रे बाळा, सगळे आले की निघू.

आणि वेल्डन काय करत होता? मला जपत होता. या भागात गारा पडतात त्या लिंबाएवढ्या, म्हणून माझ्यासाठी त्यानं ही शेड घातली. सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. शेजारचा कुणी म्हणे, अरे, तळ्यावर तरी घेऊन जा चार दिवस. तर हा म्हणे, पहिली फेरी टिलीच्या गावाला, तोवर हिला ओरखडा नको. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करायचा, अंगणात एक गिरकी, पुन्हा शेडखाली. माझी टायरं बघाल तर वरून नवी कोरी, काटा न् काटा शाबूत, आणि कडेनं भेगा. चालणारीनं नुसतं उभं राहिलं की असंच व्हायचं. त्याला वाटे, मी नवी राहतेय. मी जागच्या जागी म्हातारी होत होते.

मग टिलीच्या हृदयाचं निघालं. लबकहून डॉक्टरांना भेटून दोघं आली आणि घरात न जाता माझ्यात येऊन बसली. झडपेचं दुखणं होतं. या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही, जपून राहा, असं सांगितलं होतं. जपून म्हणजे किती दिवस ते काही सांगितलं नव्हतं. वेल्डननं लगेच फोन उचलला मुलांना कळवायला. तिनं त्याचा हात धरला.

‘त्यांना सांगायचं नाही. घाबरून आलेली नकोत मला. हौसेनं येऊ देत.’

‘टिली, त्यांना कळायला नको का?’

‘शपथ आहे तुला माझी.’

त्यानं फोन खाली ठेवला. माणूस शब्दाचा पक्का, दुसरं काय. मला हॉर्न असून मी गप्प. माझं बटण दुसऱ्यानं दाबावं लागतं.

पुढच्या वसंतात मात्र देवानं ऐकलं असं वाटलं. गारठा पडला नाही, फुलोरा टिकला. रॉइसचा आठवडा जूनच्या सुरुवातीला आला. जॅनेल हो म्हणाली. टिलीनं माझ्या कपाटात नऊ ताटल्या आणून ठेवल्या, उश्यांना नवे अभ्रे घातले. वेल्डननं नदीकाठच्या एका आरव्ही पार्कला फोन लावला. असल्या पार्कात आम्हाला उभं करायचं, वीज-पाणी जोडायचं आणि राहायचं. पलीकडे एक बाई होती, आवाजात साखर. किती जण, किती रात्री, गाडीची लांबी काय. मग तिनं विचारलं, गाडी कुठल्या सालची. वेल्डननं अभिमानानं साल सांगितलं.

‘माफ करा हं सर, दहा वर्षांवरची गाडी आम्ही घेत नाही. नियम आहे.’

‘अहो बाई, ही चाललेलीच नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीये.’

‘चालली किती ते आम्ही नाही बघत, सर. साल बघतो.’

तरी फोटो पाठवा, मालकांना दाखवते, असंही म्हणाली ती. वेल्डननं तीन दिवस खपून मला धुतलं, मेण लावून घासलं, शिडीवर चढून छप्पर पुसलं. टिली खाली उभी राहून शिडी धरायची आणि धापा टाकायची. मला लग्नाच्या मुलीसारखं उभं करून फोटो काढले आणि पाठवले. नकार आला, तोही गोड शब्दांत. मेल्यांनो, माझ्यात काय कमी होतं? एक दिवस वापरली नाही, जपून ठेवली, आणि जपली तेच नडलं.

दुसरीकडे फोन केले तर पीचच्या हंगामात सगळं महिनोन् महिने आधी भरलेलं. एका ठिकाणी माझं वय चालत होतं, पण जागा होती ती थेट ऑक्टोबरात. टिली म्हणाली, पीच नाही तर नाही, ऑक्टोबर तर ऑक्टोबर. पण रॉइसला ऑक्टोबरात जमेना. जॅनेल म्हणाली, हॉटेल बघूया ना आई, छान छान आहेत तिथं. टिली म्हणाली, हॉटेलात जो तो आपलं दार लावून घेतो, मग घरीच काय वाईट. शेवटी रॉइसनंच तोडगा काढला. पुढच्या जूनचं आतापासूनच करू, मी नवी गाडी भाड्यानं घेतो, म्हणजे नियमाचीही कटकट नको. चांगल्या मनानंच म्हणाला पोरगा. त्याला काय ठाऊक होतं?

फोन बंद झाला. मग वेल्डन म्हणाला, ‘आपण दोघंच जाऊ. उद्या सकाळी. पार्क गेला खड्ड्यात, रस्त्याच्या कडेला झोपू.’

‘दोघंच जाऊन काय करू रे? रिकाम्या गाडीत मला नाही करमायचं.’

‘टिली.’

‘सगळे आले की निघू, वेल्डन. एक वर्षाचा तर प्रश्न आहे.’

त्यानं वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं मला आजही वाटतं. किल्ली त्याच्या खिशात होती, टाकी भरलेली होती, मी तर एका पायावर तयार होते. तिला उचलून बसवलं असतं तरी ती चार शिव्या घालून हसली असती. पण त्याला तिचं मन मोडवेना.

नोव्हेंबरात कापूस वेचणीची यंत्रं रात्रंदिवस फिरत होती, रस्त्याच्या कडेला, कुंपणाला सगळीकडे कापसाचे पांढरे पुंजके अडकलेले, तेव्हा टिली गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

मग आले सगळे. जॅनेल आली, रॉइस आला. त्याच्या मुकादमाला आता सुटी सापडली. फ्रेडरिक्सबर्गहून टिलीची भावंडं, भाचरं आली आणि घर भरून गेलं. मुलांना झोपायला जागा उरली नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाहेर गाडी आहे की. आणि ती सगळी माझ्यात आली. रॉइस आणि बायको टेबलाच्या पलंगावर, जॅनेल आणि नवरा माळ्यावर, पोरं बाहेर तंबूत. कुणी सांगितलं नव्हतं, पण टिलीनं वाटल्या होत्या त्याच जागा त्यांनी धरल्या. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं भाजलेलं मांस, ॲपल पाय, बटाट्याची ताटं यांनी माझा फ्रीज ओसंडून वाहत होता. बारा वर्षं मी ज्या गर्दीची वाट बघितली ती गर्दी ही अशी आली. अंगावर भार होता, आणि मला तो पेलवत नव्हता.

चर्चमधून, दफनभूमीतून परत आल्यावर वेल्डननं मुलांना झडपेचं सांगितलं. रॉइस माझ्या बाकावरून उठला.

‘सांगितलं का नाही, बाबा? मी काम सोडून आलो असतो.’

‘म्हणूनच नाही सांगितलं,’ वेल्डन म्हणाला. ‘तिला तसे आलेले नको होतात तुम्ही.’

रॉइस एवढा दांडगा गडी, तोंडावर हात घेऊन रडला. जॅनेलनं सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी फाडायला घेतलं. फाडत होती आणि रडत होती, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कॉफी घेऊन माझ्यातच दाटीवाटीनं बसले होते. हॅडली, चार वर्षांची, ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. तिनं मागे वळून एकेकाला पाहिलं.

‘आजोबा, आता सगळे आलेत. निघायचं?’

वेल्डन उठला. तिला मांडीवर घेऊन सीटवर बसला, खिशातून किल्ली काढली आणि फिरवली. मी एका झटक्यात सुरू झाले. माझ्या सगळ्या अंगात थरथर उठली, कपाटातल्या ताटल्या वाजल्या. वेल्डननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या सपाट शेतांकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली उलटी फिरवली आणि मला बंद केलं.

त्यालाही आता दीड वर्ष झालं. मधला जून आला आणि गेला. रॉइसचा फोन आला होता, पुढच्या वर्षी नक्की म्हणून. वेल्डन बघू म्हणाला. जॅनेल म्हणते गाडी विकून टाका. गिऱ्हाईक येतं, साल विचारतं आणि जातं. वेल्डन कधीमधी सकाळी कॉफी घेऊन येतो, टेबलाशी त्याच्या बाजूच्या बाकावर बसतो. समोरच्या बाकाकडे तो बघत नाही.

माझी काही फार मोठी मागणी नाही. मला विका, मोडीत काढा, कोंबड्या पाळा माझ्यात, मी कुरकुरणार नाही. पण तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी उभी असेल, आणि तुम्ही दोघंच तयार असाल, तर दोघं निघा. मागचे मागून येतील, नाही आले तरी तुम्ही गेलेले असाल. माझी मालकीण चांगली होती, मालक चांगला होता, मुलंही वाईट नव्हती. सगळे चांगले असूनही हे असं झालं. फ्रेडरिक्सबर्गचा रस्ता मला अजून वळणावळणासकट पाठ आहे. वेल्डननं टेबलावर बसून इतक्यांदा सांगितलाय. फक्त मी त्या रस्त्यावर कधी गेले नाही.