नऊनं भाग जाणारी चूक

बेरीज हे या जगातलं एकमेव निःपक्षपाती सत्य आहे. ती गरीब-श्रीमंत पाहत नाही, गाव-शहर पाहत नाही. सात आणि आठ कुठंही पंधराच होतात.

बेरीज करणाऱ्याचा पगार मात्र तो कशाची बेरीज करतो आणि कुठं बसून करतो, यावर ठरतो. शाळेच्या फीची केली तर सगळ्यात कमी, कारण विद्येच्या सान्निध्यात राहण्याचं समाधान त्याला वेगळं मिळतंय असं धरलेलं असतं. आजाऱ्यांच्या बिलांची केली तर थोडा जास्त. बुडालेल्या जहाजांची केली तर जवळजवळ दुप्पट, पण तीसुद्धा बंदराच्या शहरात बसून केली तरच. त्याच विमा कंपनीची आतल्या गावातली शाखा त्याच जहाजांच्या त्याच बेरजेला पंधरा हजार देते. तिथून समुद्र लांब पडतो.

बाबांना हे सगळं पाठ होतं. चौतीस वर्षं त्यांनी साबणाच्या कारखान्यात पगारपत्रकं केली होती आणि निवृत्त होताना एक घड्याळ आणि एक सिद्धान्त घेऊन बाहेर पडले होते. घड्याळ बंद पडलं. सिद्धान्त चालू होता.

"माल हातात येत असला की पगार कमी," ते सांगत. "साबण हातात येतो. विमा कुणाच्या हातात आलाय कधी? म्हणून तिथं पैसा."

त्यामुळे लेकीला बंदराच्या शहरातून विमा कंपनीचं नियुक्तिपत्र आलं, तेव्हा बाबांना आपलं आयुष्य सत्कारणी लागल्यासारखं वाटलं. लेक एकतीस वर्षांची. हॉस्पिटलात बिलांच्या खिडकीमागं सात वर्षं काढलेली. पगार अठरा हजार चारशे. पत्रात आकडा होता बत्तीस हजार पाचशे.

"बबडे, निघ," बाबा म्हणाले.

"बघू."

त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. हा शब्द मुळात आईचा. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या साड्या मावशीकडे गेल्या, शिवणयंत्र शेजारी गेलं, आणि 'बघू' लेकीकडे आला.

नाही म्हणण्याचं कारण स्वयंपाकघरातल्या फळीवर होतं. तिथल्या प्रत्येक डब्यावर बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली होती: 'मीठ', 'साखर', 'सोडा (खाऊ नये)'. एवढं करूनही आठवड्यातून एकदा चहा खारट होई, कारण चिठ्ठ्या वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला लेक लागते. पण हे कारण तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं पैशाचं सांगितलं.

"बाबा, तिथं खोली घ्यायची, बाहेर जेवायचं. हातात काय उरणार? बसभाडं जाऊन इथं माझे अठरा हजार राहतात. त्याच्यावर चार हजार जास्त उरत असतील तर जाते. नाहीतर विषय बंद."

"चार हजार उरले तर जाशील? शब्द?"

"शब्द."

चार हजार उरत नाहीत, एवढा अंदाज तिला होता. बिलांच्या खिडकीमागं सात वर्षं काढली की माणूस बिल न बघताच घाबरायला शिकतो.

बाबा तीन दिवस फोनवर होते. खोलीवाल्या बाईंशी बोलले, खानावळवाल्याशी बोलले, बसच्या चौकशी खिडकीतल्या माणसाशी तर इतकं बोलले की त्यानं शेवटी यांचीच चौकशी केली. रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी फुलस्केप कागद लेकीपुढं ठेवला. पट्टीनं मारलेल्या रेघा, लाल शाईत शीर्षक: 'तुलनात्मक तक्ता'. घरभाडं छत्तीसशे. जेवण बेचाळीसशे. बस नऊशे. महिन्यातून दोनदा घरी येणं-जाणं सोळाशे. एकूण खर्च तेरा हजार. शिल्लक बावीस हजार दोनशे.

"बावीसातून तुझे अठरा काढ," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "चार हजार दोनशे. शब्द म्हणजे शब्द."

लेकीनं सवयीनं पेन्सिल उचलली. वरून खाली, मग खालून वर. बत्तीस हजार पाचशेतून तेरा हजार गेले तर साडेएकोणीस हजार उरतात. कागदावरची शिल्लक सत्तावीसशेनं जास्त होती.

ती दहा वर्षांची असताना इतर मुलांना घरी गोष्टी सांगत, तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं: ताळा जमत नसला की फरकाला नऊनं भागायचं, पूर्ण भाग गेला, तर समज, कुठंतरी दोन आकड्यांनी जागा बदललीय. तिनं भागलं. नऊ त्रिक सत्तावीस. मग ती वरून एकेक ओळ बघायला लागली आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

"बाबा, खोलीवाल्या बाई भाडं किती म्हणाल्या?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय छत्तीसशे. बेरीज त्रेसष्टशेची आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. चष्मा आधीच स्वच्छ होता.

"एकूण किती आलंय?"

"तेरा हजार. खरे तेरा हजार."

"हं. ओळीत हात वळला गं. शिल्लकही वळवून घेतली. पण बेरजेपाशी आला आणि आपला आपण खरंच लिहून गेला."

"चौतीस वर्षांत पहिली अफरातफर, आणि तीही धड नाही!"

"सराव नाही," बाबा ओशाळून म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं तेही हसतील. ते कागदाची कड बोटानं सरळ करत बसले.

"तुझ्या आईलाही एकदा नोकरी आली होती. त्याच शहरात, जहाजांच्याच कचेरीत. तू व्हायच्या आधी. तेव्हाही मी असाच तक्ता केला होता. दोन बिऱ्हाडं केली असती तर महिन्याला एकशे दहाचा तोटा होता. बरोबर होता तक्ता. एका पैची चूक नव्हती."

"मग?"

"मग काय. ती म्हणाली, 'बघू'."

मग लेकीनं पेन्सिलीनं छत्तीसशे खोडले, वर त्रेसष्टशे लिहिले, शिल्लक दुरुस्त केली आणि शेजारी आपली छोटी सही केली, हॉस्पिटलात खाडाखोडीवर करतात तशी.

"पंधराशेच जास्त उरतात," ती म्हणाली. "जाते मी."

"अगं, पण चार हजार..."

"तक्ता राहू दे, बाबा. चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालायचा, एवढं कबूल करा."

बाबांनी कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी संमतीचं पत्र टपालात पडलं. बाबांनी दोरी आणली. माळ्यावरची सूटकेस खाली आली. चहा सलग पाच दिवस गोड झाला.

दहाव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. 'आपल्या नियुक्तिपत्रात टंकलेखनातील चुकीमुळे मासिक वेतन ३२,५०० असे पडले आहे, ते २३,५०० असे वाचावे. तसदीबद्दल दिलगीर आहोत.'

बाबांनी गळ्यातला चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पेन्सिल घेतली.

"फरक नऊ हजार," ते म्हणाले. "पूर्ण भाग जातो. एवढी मोठी कंपनी, आणि ताळा कुणी बघत नाही?"

"बघणाऱ्याची जागा रिकामी आहे, बाबा. तीच तर मला देत होते."

राजीनामा अजून दिलेला नव्हता. सोमवारी ती नेहमीच्या बसनं हॉस्पिटलात गेली. वर्षअखेरीस तिला पगारवाढ मिळाली, दोनशे सत्तर. नऊनं पूर्ण भाग जातो.