आधी आपलं नाव सांगा

घरात कुणी आजारी आहे असं कळलं की कोल्हापूरकर स्वस्थ बसत नाहीत. कुणी केळी घेऊन येतो, कुणी मोसंबी, आणि काहीच नसलं तर नुसता खणखणीत आवाज घेऊन. माया असते हो त्यात, नाही कोण म्हणतं! पण राजारामपुरीतल्या त्रिशलाच्या घरी या मायेपायीच एक म्हातारा माणूस उपाशी झोपू लागला होता.

त्रिशला शाळेत शिकवायची. तिचे सासरे अण्णासो एके काळचे गुळाचे अडते. बाजारात त्यांनी हाक मारली की पलीकडच्या गल्लीतले हमाल मान वर करायचे. काही वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश जडला होता. आधी चष्मा सापडेना, मग घराचा रस्ता सापडेना, मग माणसं ओळखू येईनात. एक गोष्ट मात्र शाबूत राहिली. सूर्य बुडाला की तोंडात घास घ्यायचा नाही, हा जन्मभर पाळलेला नेम. खिडकीबाहेर अंधार दिसला की अण्णासो ओठ घट्ट मिटून घ्यायचे आणि मग कुणाचीच मात्रा चालायची नाही.

आणि बघायला येणारी मंडळी नेमकी तेव्हाच यायची. ऑफिस-दुकान आटोपून, अण्णासोंचं ताट मांडायच्या वेळेला.

"काय अण्णा, वळखलं का मला?"

अण्णासो ताटाकडे बघायचे.

"असं कसं? नीट बघा की! नाव सांगा माझं, नाव!"

कुणीतरी पहिलं अक्षर सुचवायचं, कुणी हसायचं. अण्णासो भांबावून भिंतीकडे बघायचे, ताट लोटून द्यायचे आणि "मला घरी सोडा, मला घरी सोडा" म्हणत उठायचे. त्यांची समजूत काढेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. झालं, आता सकाळपर्यंत पोटात काही नाही! बंडी अंगावर लोंबायला लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "असंच चाललं तर नाकातनं नळी घालून अन्न द्यावं लागेल."

पण पाहुण्यांनाच कशाला नावं ठेवायची? घरातली मुख्य परीक्षक स्वतः त्रिशलाच होती. रोज सकाळी ती अण्णासोंना भिंतीवरच्या फोटोंपुढं उभं करायची. ही कोण? हा कोण? उत्तर चुकलं की दुरुस्त करून पुन्हा विचारायची. घोकून घेतलं की पक्कं होतं, हा तिचा शाळेतला अनुभव. मनात वाईट काहीच नव्हतं बिचारीच्या.

सांभाळणाऱ्यांसाठी दर शनिवारी एक प्रशिक्षण वर्ग भरतो, तिथं जाऊन या, असं डॉक्टरांनीच सुचवलं. त्रिशलाचा नवरा अरिहंत फिस्सकन हसला.

"बाप सांभाळायला क्लास? आमच्या आईनं आजीला सांभाळलं, तिनं कुठलं सर्टिफिकेट काढलंतं?"

"मला जमेना झालंय," त्रिशला म्हणाली. "मी जाणार."

वर्गात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाची आई होती, अपघातानंतर साधा हॉर्न ऐकूनही थरथरणाऱ्या मुलीचे वडील होते. शिकवणाऱ्या क्रांती मॅडम पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, आणि बोलायला एकदम रोखठोक. त्रिशलाला बघताच त्या दोन्ही हात पसरून पुढं आल्या.

"अय्या, तुम्ही! वळखलं का मला?"

त्रिशला हसली. चेहरा काही आठवेना.

"असं काय करताय? त्या लग्नात एकाच पंगतीला जेवलो की आपण! सांगा बघू माझं नाव!"

"म्हणजे... पाहिल्यासारखं वाटतंय..."

"बघा हो, इसरल्या मला!" मॅडमनी सगळ्या वर्गाला ऐकवलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं. त्रिशलाचे कान तापले. इतकी वर्षं फळ्यापुढं ठामपणे उभी राहिलेली बाई, पण पर्स उचलावी आणि सरळ दार गाठावं असं तिला झालं.

मग क्रांती मॅडमनी हळूच तिचा हात धरला. "माफ करा ताई. आपण आजच पहिल्यांदा भेटतोय. मी क्रांती. डॉक्टरांनी तुमच्या घरचं सांगितलंय मला. आत्ता काय वाटलं तुम्हाला?"

"घरी जावंसं वाटलं," त्रिशला बोलून गेली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे देवा! अण्णा तरी रोज दुसरं काय म्हणत होते?

"आजारानं नेलेलं घोकून परत येत न्हाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला वाटतंय उजळणी चाललीया, पण त्यांची फजिती चाललीया. तुमचं नाव ते इसरतील, पण जीव घाबरलेला ऱ्हातोच की! घाबरलेल्या माणसाला घास उतरत न्हाय." मग त्या मुलीच्या वडिलांकडे वळल्या. "दादा, पोरीला मागनं जाऊन हात लावू नका. समोरनं या, आधी बोला." आणि खुर्चीतल्या मुलाच्या आईला म्हणाल्या, "खुर्ची ढकलायच्या आधी लेकराला विचारा. सांभाळतो म्हणून आपण त्यांचे मालक झालो न्हाय."

"पण मॅडम, पावण्यांचं तोंड कसं धरायचं?" त्रिशलानं विचारलं.

"दारातच सांगायचं. ऐकत्यात माणसं, सांगणारं पायजे."

दुसऱ्या सकाळपासून फोटोंची परीक्षा बंद झाली. "अण्णा, मी त्रिशला, तुमची सून. चहा आणलाय," एवढंच. अण्णासो कप धरून निवांत बसू लागले. पण संध्याकाळचं काय? ती कसोटी कुरुंदवाडहून थेट दारात आली. अण्णासोंच्या दिवंगत बायकोचे भाऊ, अरिहंतचे मामा बाळासो! या मामांना अडवायची घरात आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ऊन कलंडलं होतं, आत ताट वाढून तयार होतं.

"दाजीऽऽ!" मामांनी जिन्यातूनच आरोळी ठोकली.

त्रिशला दारात उभी राहिली. "मामा, जरा थांबा. वळखलं का म्हणून विचारायचं न्हाय. आपणच नाव सांगायचं आणि शेजारी बसायचं."

"मी? माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात नाव सांगून आत जाऊ? मी काय मीटरवाला हाय व्हय? अरिहंत, तुझी बायको मला दारात अडवतीया!"

अरिहंतनं वडिलांच्या खांद्यावरनं घसरलेल्या बंडीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. उजेड थोडाच उरला होता.

"मामा," तो म्हणाला, "ती शिकून आलीया. ती सांगतीया तसंच करा."

बाळासो मामांनी चपला काढल्या. मग आत जाऊन अण्णासोंच्या शेजारी बसले. आवाज खाली आला होता. "दाजी, मी बाळासो. कुरुंदवाडचा. तुमच्या बायकोचा भाऊ. तुमच्यापाशी बसायला आलोय."

अण्णासोंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळख पटली नाही. पण यावेळी कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही, उत्तराची वाट पाहिली नाही. अण्णासोंनी खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा अडत्याचा आवाज घरात घुमला!

"बसा पावणं. दिस बुडायला आलाय. जेवल्याबिगर जायचं न्हाय." मग त्रिशलाकडे वळून, "पोरी, पावण्यांना ताट वाढ."

आणि पाहुण्याला सोबत म्हणून त्यांनी स्वतः भाकरीचा तुकडा मोडला, मुगाच्या आमटीत बुडवून तोंडात घातला. मग दुसरा. ताट पुसून खाल्लं त्यांनी.

मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अक्काच्या लग्नापास्नं दाजींनी मला कधी उपाशी लावून दिलं न्हाय," ते त्रिशलाला म्हणाले, "आजबी न्हाय. बरं झालं पोरी, अडवलंस."

नळीचा विषय पुढं निघाला नाही. शनिवारी अरिहंत दुकान लवकर बंद करून वर्गात जाऊन बसतो, आणि बघायला येणाऱ्यांना दारात गाठायचं काम मामांनी भल्या मोठ्या आवाजात अंगावर घेतलंय.

मंडळी, आपल्याकडे माया काही कमी नाही. पण माया करायलाही शिकावं लागतं, आणि शिकण्यात कमीपणा कसला! ज्याला आठवत नाही त्याची परीक्षा घेऊ नका. आपलं नाव सांगा, शेजारी बसा, त्याच्यासोबत दोन घास खा. त्यानं आपल्याला ओळखलं नाही तरी चालेल. तो कोण आहे हे आपण विसरू नये, एवढंच.