कॉलरमागचा पत्ता

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळण्यापेक्षा बरं. आणि त्यातही धुण्यावरून कोणी चुकलं, तर माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट खालच्या फाटकापर्यंत जातो. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, टॉवेल वेगळे, लोकरीचे वेगळे. एवढी साधी गोष्ट. पण माझ्या नवऱ्याला बारा वर्षांत ती कळलेली नाही. तो हॉटेलात आचारी आहे. शंभर माणसांचा स्वयंपाक बिनचूक करतो, पण मोजे कुठे टाकायचे म्हटलं की माणूस गांगरतो.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. सासूबाई गेल्यावर वर्षभर एकटेच राहिले. म्हणजे काय, दोन वेळा चहा, बिस्किटं आणि कधीमधी भात. शेवटी नवऱ्याने जाऊन आणलं. पण आले ते पाहुण्यासारखे. पाणी हवं असलं तरी विचारायचे, "सूनबाई, तुम्हाला त्रास नसेल तर..." हो, तुम्ही! बारा वर्षं झाली लग्नाला, तरी मला अहोजाहो. स्वतःचे कपडे न्हाणीघरात बादलीत बुचकळून गुपचूप धुवायचे. आणि महिनाअखेरचं परतीचं तिकीट काढून बसलेले. "किती दिवस तुमच्यावर भार?" असं म्हणायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. भार कसला डोंबलाचा! मला ते हवे होते घरात. कर्तव्य वगैरे नाही, खरंच हवे होते. पण हे त्यांना सांगायचं कसं, ते काही जमत नव्हतं. ओरडायला मला सगळं येतं, गोड बोलायला काहीच नाही.

तशात मी ओल्या फरशीवर घसरले आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. बाबा लगेच म्हणाले, "सूनबाई, काही काम असेल तर सांगा." मी मनात म्हटलं, चला, हात मोडला तो सत्कारणी लागला. धुण्याचं खातं त्यांच्याकडे सोपवलं. नवऱ्याने रात्रीच मशीनची बटणं समजावून दिली होती. सकाळी मी फोनवर बोलत असताना बाबांनी खुणेनेच विचारलं, कसे लावू? मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "नीट वेगवेगळे करून लावा, बास."

ते बास मला चांगलंच भोवलं.

तासाभराने मशीन उघडलं तर आतून नवऱ्याचे तीन कोट निघाले. हॉटेलात घालायचे, कडक पांढरे. म्हणजे सकाळपर्यंत पांढरे होते. आता तिन्ही गुलाबी! आणि त्यांच्यात वेटोळं घालून बसलेला त्याचा नवाकोरा लाल फुटबॉलचा टी-शर्ट. त्या मेल्याला काही झालं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मी समोर कोण आहे ते न बघता तोंड सोडलं. "अरे, कोणाची अक्कल गहाण पडली होती? लाल आणि पांढरं एकत्र? शेंबडं पोर तरी असं करेल का?"

मागे बाबा उभे होते. हातात चिमट्यांची पिशवी.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "मी उगाच मध्ये पडलो." चिमटे ओट्यावर ठेवले आणि खोलीत गेले.

नवऱ्याला दुपारी कामावर जायचं होतं आणि दुसरा कोट नव्हता. त्याने गुलाबी कोट चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "रंग खुलतोय की मला!" तो हसत गेला, पण मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. चार वाजता चहा द्यायला गेले तर बाबा म्हणाले, "सूनबाई, मी येत्या रविवारचंच तिकीट करून घेतलं. महिनाअखेरपर्यंत कशाला थांबायचं?"

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, "बाबा, मी तोंडाळ आहे. माफ करा. पण मला एक सांगा, तुम्ही कपडे वेगळे केले होते ना?"

"केले होते की!" पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा धार आली. "तीन ढीग. तुमचे, माझ्या मुलाचे, आणि चादरी वगैरे घरच्या. एकाचा रुमालसुद्धा दुसऱ्यात गेला नव्हता."

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बाबा टपालात होते. छत्तीस वर्षं सॉर्टिंगला! समोर शंभर कप्प्यांचं कपाट, हातात पत्रांचा गठ्ठा, पत्ता बघायचा आणि त्या कप्प्यात टाकायचं. लाल पाकीट असो की पांढरं, जाड असो की पातळ, एका पत्त्याचं सगळं एका कप्प्यात. माणसाने आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. कोट आणि टी-शर्ट एकाच माणसाचे, म्हणून एकाच ढिगात.

मला हसू आवरेना. ते रागावतील म्हणून पदराने... पदर कुठला, प्लॅस्टरनेच तोंड झाकलं. "बाबा, तुम्ही पाठवणाऱ्याचं नाव वाचलंत! पत्ता तो नाही. पत्ता आत असतो." आणि त्यांच्याच अंगातल्या शर्टाची कॉलर उलटी करून आतली पट्टी दाखवली.

बाबांनी तो शर्ट काढला, चष्मा लावला आणि पट्टी वाचली. "सुती. चाळीस अंश." मग खुंटीवरचा स्वेटर ओढला. "लोकर. थंड पाणी. पिळू नये." मग पँट, मग उशीचा अभ्रा. तासाभरात घरातला एकही कपडा त्यांनी कॉलर उलटी केल्यावाचून सोडला नाही. बनियनवर बसलेला माणूस आणि भोवती कपड्यांचा बाजार. "म्हणजे चाळीसवाले एका गल्लीतले," ते पुटपुटले. "लोकरवाले लांबच्या गावचे, जपून पाठवायचे. आणि हे टॉवेल?"

"ते धागे सोडतात. काळ्या पँटीबरोबर गेले की पँटीला मिशा फुटतात."

"मग त्यांची पिशवी वेगळी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाण्याकडून पाच खोकी आणली आणि सुंदर टपाली अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. 'पांढरे, गरम'. 'रंगीत, कोमट'. 'लोकर, थंड'. 'टॉवेल'. पाचव्यावर लिहिलं, 'अपुरा पत्ता'. ज्यांची पट्टी गळली किंवा पुसली, ते सगळे त्यात. त्यांची चौकशी स्वतः करायचे. शिवणीचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल दाबायचा. रुमालावर रंग उतरला तर आरोपी एकटा धुवायचा. लाल टी-शर्ट अर्थातच एकटा. माझी आवडती जांभळी ओढणी तीन दिवस चौकशीतच होती.

इकडे हॉटेलात नवऱ्याचं नाव गुलाबराव पडलं. मोठ्या आचाऱ्याने आधी डोळे वटारले, मग तोच हाका मारायला लागला. नवरा खूश. मी मात्र खूश नव्हते. कारण शुक्रवारी बाबा म्हणाले, "सगळं लावून देतो, सूनबाई. मी गेल्यावर तुम्हाला सोपं जाईल."

मी गेल्यावर! म्हणजे एवढा सगळा खटाटोप निरोपाचा होता. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि डाव्या हातानेच भांडी आदळली.

शनिवारी सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उद्या हा माणूस जाणार, पुन्हा चहा-बिस्किटं खाणार. डोळ्यांत पाणी आणि मनात राग. डाव्या हाताने जे खोकं हाती लागलं ते मशीनमध्ये रिकामं केलं, वर खुर्चीवरचं काहीबाही कोंबलं, बटण फिरवलं.

"अगं ए कार्टे!"

मी दचकले. सगळी इमारत दचकली असेल. बाबा खोलीतून धावत आले, एका पायात चप्पल. "डोळे आहेत की बटणं? नवा स्वेटर घातलास तुझा, टॉवेलांबरोबर! साठ अंशावर! बाहुलीला घालायचाय का नंतर?" मला खांद्याने बाजूला सारून त्यांनी मशीन बंद केलं. "पाच दिवस घसा कोरडा केला मी, पाच दिवस! चिठ्ठ्या काय भिंतीला शोभा म्हणून लावल्यात? लक्ष कुठे असतं गं तुझं?"

स्वयंपाकघराच्या दारात नवरा तोंडाला फेस तसाच ठेवून, ब्रश हातात धरून उभा. "बाबा ओरडले?"

"ओरडले!" मी म्हटलं. मला एकदम रडू फुटलं आणि हसूही. अहो, पाहुणा कधी ओरडतो का? कार्टी कोण म्हणतं? बापच ना?

बाबांचा हात मशीनच्या झाकणावर तसाच राहिला. आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण शब्द परत घेतला नाही. ओला स्वेटर बाहेर काढून त्यांनी तो प्रेमाने दाबला, पिळला नाही.

"चुकलं, बाबा," मी म्हटलं.

"चुकलंच! पुन्हा कर असं, मग बघ," ते गुरगुरले. "मी इथेच आहे. कुठे जात नाही मी."