कडू कान

आधीच सांगतो, मला मांजरं आवडत न्हाईत. दुधाच्या पातेल्यात तोंड घालणारी जात ती. पण आमच्या थेरगावच्या घरामागं व्यालेली मांजर वाळूच्या ट्रकखाली गेली आणि तिच्या तीन पिल्लांतलं एक मागं उरलं. मी तवा पाय मोडून घरी पडलेलो. चिंचवडला एका कंपनीच्या गेटवर मी वॉचमन. रजेचे पंधरा दिवस उरले होते. पिल्लू माझ्या उशीवर चढलं आणि कानाची पाळी तोंडात धरून चोखायला लागलं. दोनदा भिरकावलं. दोनदा परत आलं. काय करता?

वाटीला ते तोंड लावीना. मग माझी बायको गवरा कापसाचा बोळा दुधात बुडवून माझ्या पाळीवर पिळायची, आणि तिथनं ते प्यायचं. तिनं स्वतःचा कान देऊन बघितला, तर हुंगून तोंड फिरवलं. शेजारपाजारचे बघायला यायचे. "धर्माजी, सव्वा महिना उंबरा ओलांडू नका, बाळंतीण हाय तुमी," म्हणायचे. हसा म्हणलं, तुमचं काय जातंय.

रजा संपत आली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. आठ तास कान कंपनीत आणि पिल्लू घरात, मग ते जगणार कसं? समोरच्या सोजराबाईनं सात लेकरांचं अंगावरचं दूध तोडलेलं. "पाळीला कोरफडीचा गर लाव," ती म्हणाली, "आन वाटी पुढं ठेव. भूक लागली की झक मारत पितंय."

"ते मांजर हाय, सोजराबाई."

"लेकरू ते लेकरूच."

मला पटलं. पटलं म्हणूनच केलं, तिला दोष देत न्हाई.

पहिल्याच दिवशी रातपाळी आली. रातच्याला निघायच्या आधी गर लावला. पिल्लानं पाळी धरली, तोंडाला फेस आला, मान झाडली. परत धरली. परत फेस. तिसऱ्यांदा धरलीच न्हाई, माझ्याकडं नुसतं बघत बसलं. मला लई वाईट वाटलं, तरी सायकल काढली.

सकाळी सातला सुटायचो, तर बदलीचा उद्धवराव आलाच न्हाई. बदली आल्याबिगर गेट सोडायचं न्हाई, असा नियम. आठ वाजले, दहा वाजले. साहेबांना सांगावं, तर काय सांगावं? मिशा पांढऱ्या झालेला माणूस, माझ्या कानाला मांजर पितंय, घरी सोडा, असं म्हणणार? बाराला न राहवून सांगितलं. साहेब हसले न्हाईत. "अहो धर्माजी, गेट कुणाच्या जिवावर सोडू?" म्हणाले. त्यांचंही खरं होतं. हसले असते तर निदान भांडता आलं असतं.

तीनच्या पाळीचा माणूस आला तशी सायकल दामटली. गवरा दारातच बसलेली. मांडीवर माझं बनियन, त्यात पिल्लू. वाटीतल्या दुधावर साय धरलेली.

"रातभर बोळा धरला," ती म्हणाली. "एक थेंब घोटला न्हाई."

मी दगडावर बसून साबणानं कान घासला. चारदा घासला, पाळी लाल झाली. मग आडवा झालो, आणि गवरानं पिल्लू कानाशी ठेवलं. ते जवळ सरकलं. त्याचं गार नाक पाळीला लागलं.

"घे रं, आता न्हाई कडू," मी म्हणालो.

त्यानं हुंगलं आणि हळूच तोंड फिरवलं. गवरा दूध पिळत राहिली. ते माझ्या मानेवरनं उशीत जात होतं.

सोजराबाईचं औषध लागू पडलं होतं. कान सोडायला ते शिकलं होतं. वाटी धरायला शिकवायचं, तर मला आणखी दोन दिवस पाहिजे होते, आणि त्याच्यापाशी तेवढे नव्हते.

दिवेलागणीला गवरा म्हणाली, "उठा आता. गार झालंय ते."

मी तरी कान हलवला न्हाई.