चार गल्ले

“आंटी, तुमचं इथं काही होणार नाही,” इंडियन फंडाच्या काउंटरवरची पोरगी म्हणाली. “तुमच्या पगारातून कापतात ते चिनी समाजाच्या फंडात जातं. इंडियन फंडात नाही.”

“माझ्या?” अंजलैअक्का हसली. “अगं, तोंड बघून बोलू नकोस, नाव बघ. अंजलै. बाप पेरुमाळ. केस काळे होते तेव्हापासून कापतायत. आपल्याच पोरांसाठी ना?”

“नाव नाही आंटी, कार्डावरची रेस, वंश बघतात. तुमची चायनीज. नातीचीही चायनीज.”

त्या पोरीचं तमिळ दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजीत घसरत होतं. अक्काचं तमिळ शिव्यांसकट अस्सल. काउंटरच्या आत बसलेली ती इंडियन, आणि बाहेर डोक्यात मोगरा माळून उभी असलेली ही चिनी!

मी, मारी, शेजारीच उभा होतो. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी आणि अक्का एकाच यंत्रावर चादरी घालतो. ती या टोकाला, मी त्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी सोबत चल म्हणाली म्हणून आलो होतो. इंग्रजी वाचायला मी बरा पडतो एवढंच.

अक्का चिनी घरात जन्मली. नाळ सुकायच्या आत तिला पेरुमाळच्या दारात आणून दिली. पेरुमाळ सिंगापूरच्या बंदरावरचा तमिळ हमाल, बायको वळ्ळियम्मा, घरात पोर नाही. त्यांनी तिला नाव दिलं, भाषा दिली, कान टोचले, अंगारा लावला. पण सरकारी कार्डावर रक्तच राहिलं. पुढं अक्काच्या लेकीचा बाप पसार झाला, नातीच्या बापाचंही तेच. आमच्याकडे पुरुष नाव द्यायला कागदापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळं कार्डावरचं रक्त आईकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला लागलं. तीन पिढ्या इडली खाऊन चिनी. लेक वारली. उरली नात तेन्मोळी, सहावीत, गणितात नापास. सहावीची परीक्षा इथं पोराचं पुढचं सगळं ठरवते. बाहेरची शिकवणी अक्काला परवडत नाही. फंडाच्या शिकवणीत जागा मिळाली तरच पोरगी तरणार होती.

एवढ्यात आतून त्यांचा साहेब आला. रेशमी जुब्बा, गळ्यात ओळखपत्र. अक्काला बघून खुलला.

“वा! तुम्ही तमिळ बोलता? साडीसुद्धा रोज? आंटी, पुढच्या महिन्यात आमचा एकोप्याचा कार्यक्रम आहे. तुमचा एक व्हिडिओ घेऊ. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल!”

“घ्या की,” अक्का म्हणाली. “आणि पोरीची जागा?”

“ते... बघा, ते नियमात बसत नाही. माझ्या हातात असतं तर—”

“म्हणजे माझं थोबाड चालतं. पोर चालत नाही.”

साहेबानं हसू तसंच चेहऱ्यावर ठेवलं. मला शिसारी आली. आजही त्या हसण्याची आठवण झाली की येते. सिंगापुरात आम्हाला शाळेपासून एकोप्याची गाणी घोकायला लावतात. आणि पगार हातात पडायच्या आत माणसाचं रक्त बघून कापलेल्या पैशांची चार गल्ल्यांत वाटणी होते. चिनी, मलायी, इंडियन, युरेशियन. गरिबाला जात नसते म्हणतात ना? इथं गरिबीलाच जात लावलीय. भूक लागली तर आधी सांगा, कुणाची भूक?

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या पगारखात्यात गेलो. तिथला क्वेक नावाचा माणूस वाईट नाही. दूध घातलेली कॉफी ढवळत म्हणाला, “आंटी, हे कापणं थांबवता येतं. सही करा. पण त्या फंडातून काढून ह्या फंडात, असं नाही जमत.”

“का नाही जमत? पैसे माझे ना?”

“पैसे तुमचे. रेस सरकारची,” क्वेक म्हणाला आणि स्वतःच ओशाळून खाली बघू लागला.

“सही कर अक्का,” मी म्हणालो. “एक सेंट देऊ नकोस हरामखोरांना.”

“आणि मग, मारी? तुझ्या रागावर तेनूचं गणित सुटणार आहे?” ती म्हणाली. “माझ्या पैशांवर आजवर चिनी पोरं शिकली. शिकू देत. आता माझी चिनी पोर शिकेल.”

‘चिनी’ म्हणताना तिनं तोंड असं केलं, जसं भातात खडा लागावा.

शनिवारी आम्ही चिनी फंडाच्या केंद्रावर गेलो. अक्कानं मोगरा माळला नव्हता, कुंकू मात्र होतं. इथं कुणी काही विचारलंच नाही. कार्ड बघितलं, चेहरा बघितला, सही घेतली, तेन्मोळीला आत पाठवलं. हेच मला जास्त लागलं. हाकललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

बाहेरच्या बाकावर पालकांना चहा द्यायला एक म्हातारी होती. हौसेनं काम करणारी, सगळे तिला आंटी खू म्हणत. ती अक्काशी भराभर चिनीत बोलू लागली. अक्कानं मान हलवली. मग दोघी जुन्या बाजारातल्या मोडक्या मलायीत आल्या.

“चिनी येत नाही? लाज नाही वाटत?” म्हातारी हसत म्हणाली. “कुठल्या सालची तू?”

“बासष्ट.”

म्हातारीनं बोटं मोजली आणि मांडीवर थाप मारली. “अगं बाई, वाघाचं वर्ष! वाघीण तू! त्या साली झालेल्या पोरी आमच्याकडे घरात ठेवत नसत. बापाला खाते म्हणायचे. आमच्या आळीतल्या कितीतरी वाटून टाकल्या, कुणाला मलायांच्यात, कुणाला काळ्यांच्यात. तुला ठेवली! तुझी आई मोठ्या काळजाची हो!”

आपल्याला का देऊन टाकलं, हे अक्काला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. साठ वर्षांची बाई. आणि ते कळावं चहाच्या बाकावर, हसत हसत.

मी उठलोच. त्या म्हातारीला काय बोलावं ते जिभेवर आलं होतं. अक्कानं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. आत, काचेपलीकडे, तेन्मोळी दुसऱ्या रांगेत बसली होती. मास्तरीण तिच्या वहीवर वाकून काहीतरी समजावत होती आणि पोरगी मान डोलावत होती.

“हो,” अक्का म्हातारीला म्हणाली. “फार मोठ्या काळजाची होती माझी आई.”

“नाव काय तिचं?”

“वळ्ळियम्मा.”

चहा ओतायला कललेली किटली म्हातारीच्या हातात मधेच थांबली. अक्कानं रिकामा कप तिच्यापुढं धरला आणि भरेपर्यंत तसाच धरून ठेवला.