हारामागचा कॅमेरा

"दसऱ्याला तुझ्यासमोर गाडी गॅरेजमध्ये लावून दाखवते. कुठे टेकली तर किल्ली तुझी. नाही टेकली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही," असं मी अनुपला फोनवर ठणकावून सांगितलं. तो लगेच "डील!" म्हणाला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

अनुप माझा एकुलता एक मुलगा, मँचेस्टरला असतो. मी लंडनमध्ये स्टॅनमोरला एकटी. नवरा अवधूत जाऊन दोन वर्षं झाली. ही इलेक्ट्रिक गाडी त्याने हौसेने घेतली होती. तो गेल्यावर गाडीचे कागद बदलताना मीच अनुपला म्हणाले, "तुझंच नाव घाल. माझं काय नि तुझं काय!"

गाडीला मागे कॅमेरा आहे, पुढे नाही. नाक असं उतरतं की सीटवरून त्याचा शेवट दिसतच नाही. दोनदा मी गॅरेजच्या भिंतीला बंपर टेकवला. एवढ्यावरून अनुपने सुरू केलं, "आई, इट्स नॉट सेफ. गाडी सोड." सोडून काय करू? दर गुरुवारी मी आशाला केअर होममधून दोन तास बाहेर काढते. चाळीस वर्षांची मैत्रीण ती, आता व्हीलचेअरवर. आठवडाभर ती त्या दोन तासांची वाट बघते. मी गेले नाही तर तिच्याकडे दुसरं कोणी येत नाही.

म्हणून हाउन्सलोहून नकुलला बोलावलं. मूळचा नागपूरचा, गाड्यांना कॅमेरे बसवतो. आधी त्याने छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर सोडवली. नारंगी वायरींकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, ह्यांना मीपण हात लावत नाही. हाय व्होल्टेज." नंबर प्लेटच्या वर कॅमेरा बसवला, वायर आत घेतली, डॅशबोर्डवर स्क्रीन चिकटवला. बटण दाबलं की पुढचं सगळं दिसायचं, त्यावर अंतर दाखवणारी हिरवी, पिवळी, लाल रेघ.

तीन आठवडे मी रोज सराव केला. आधी कौन्सिलचा कचऱ्याचा ब्राउन बिन समोर ठेवून, मग गॅरेजमध्ये. ह्या वयात परीक्षेला बसले होते म्हणा ना.

दसऱ्याला अनुप आणि सूनबाई वैभवी आले ते ट्रेनने. "मोटरवेवर फार ट्रॅफिक असतं," अनुप म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, दमणार नाहीत.

अवधूत दर दसऱ्याला गाडीची पूजा करायचा. मीही केली. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी आरतीचं तबक आत ठेवायला गेले, तेवढ्यात वैभवीने झेंडूचा मोठा हार वायपरला बांधून बॉनेटवरून पुढे सोडला. "आई, छान दिसतोय ना?" मी न बघताच हो म्हटलं आणि गाडीत बसले. बटण दाबलं. स्क्रीनभर नुसता झेंडू!

हार काढ म्हणाले असते, तर "बघ, कॅमेऱ्याशिवाय जमत नाही" हे ऐकावं लागलं असतं. मी तशीच गाडी पुढे घेतली. दाराची चौकट बाजूच्या आरशात अर्धी दिसली की थांबायचं, हे सरावात ध्यानात आलं होतं. थांबले. उतरून पाहिलं, तर भिंत वीतभर लांब.

"व्वा, आई!" अनुपने टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. तो वैभवीकडे वळला. "कॅमेरा मस्त आहे ना? तुलापण सोपा जाईल."

"तिला कशाला?" मी विचारलं.

वैभवीने मान खाली घातली. "आई, मला नवीन जॉब लागलाय. तिथे ट्राम जात नाही. मला वाटलं, ह्यांनी तुम्हाला सांगितलं असेल."

"आणि आपलं ठरलं होतं ते?" मी अनुपला म्हटलं.

"आई, बी रीझनेबल. तुला दोन तासांसाठी कार लागते. आशामावशीसाठी कॅब बोलव. आणि पेपर्सवर कार माझीच आहे ना?"

"परतीची तिकिटं?"

ती त्यांनी काढलीच नव्हती.

इथे आपटा कुठला मिळायला! अनुपने माझ्याच कुंपणाचं एक पान तोडलं, माझ्या हातावर ठेवलं, "सोनं घे, आई," म्हणत वाकून नमस्कार केला. लहानपणी मीच शिकवलेलं. उठला तो किल्लीसाठी हात पुढे करूनच. सवयीने "सुखी राहा" म्हणाले आणि दिली.

"निघण्याआधी तो हार काढ," मी म्हटलं. "त्याच्यामागे कॅमेरा आहे."

त्याने हाराकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. त्याला कळलं. सगळं कळलं. क्षणभर मला वाटलं, आता किल्ली परत देईल.

"आई," तो म्हणाला, "स्पेअर किल्ली कुठे ठेवतेस?"