हजाराच्या पुढचे

शनिवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात लेन्स पुरवणाऱ्या कंपनीची मेल आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवायच्या काही लेन्सवर जंतू सापडले होते. यादीतली लेन्स ज्यांना बसली असेल, त्यांना ताबडतोब बोलवा, असं त्यात लिहिलं होतं. यादीत दोन हजार तीनशे चाळीस क्रमांक होते.

रुग्णांच्या नोंदी मधुराकडे असत. तिने अख्खी यादी कॉपी करून सॉफ्टवेअरच्या शोधाच्या चौकटीत चिकटवली. क्षणात नऊ नावं आली.

"नऊच? वाचलो!" व्यवस्थापक नीलकंठ म्हणाले.

नऊही जण संध्याकाळपर्यंत आले. दोघांच्या डोळ्यांत पू धरू लागला होता. सगळ्या रुग्णांशी संपर्क झाला, असा रिपोर्ट नीलकंठांनी वर, दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टकडे, पाठवला.

बुधवारी सकाळी मधुरा गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरून कामावर निघाली होती. तिचे दूधविनायक गल्लीतले शेजारी काशीनाथकाका पूजेला येणाऱ्या यजमानांची वाट बघत घाटावरच्या आपल्या लाकडी चौकीवर बसले होते. एका डोळ्यावर उपरण्याचं टोक दाबलेलं.

"काका, डोळ्याला काय झालं?"

"चार दिवस लाल आहे गं. सगळीकडे धूर भरल्यासारखं दिसतं. शेणाचे कंडे कुठे पेटलेत म्हणून मी दोनदा नाववाल्या मल्लाहांना विचारलं. ते हसायला लागले."

तीन आठवड्यांपूर्वी काकांच्या ऑपरेशनची तारीख मधुरानेच लावून दिली होती.

"मग आला का नाहीत दवाखान्यात?"

"माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या पद्माला तुमच्याकडून फोन आला, मला नाही आला. म्हटलं, आपली लेन्स चांगली निघाली."

काकांनी पंचांगात जपून ठेवलेलं लेन्सचं कार्ड तिने मागून घेतलं आणि त्यावरचा क्रमांक मोबाइलमधल्या यादीत शोधला. तो होता. एक हजार सहाशे बाराव्या ओळीत.

तिने काकांचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा बघितला आणि लगेच त्यांना आत नेलं.

मधुराने काकांचा एकच क्रमांक टाकून शोध घेतला. नाव आलं. पुन्हा सगळी यादी चिकटवली. नाव गायब. मग तिने यादीचे छोटे तुकडे करून पाहिले, तेव्हा कळलं. ती चौकट पहिले हजार क्रमांकच वाचत होती आणि पुढचे गुपचूप सोडून देत होती. ना सूचना, ना लाल अक्षर. तिनेही मोजून पाहिलं नव्हतं.

तिने सगळे क्रमांक डेटाबेसमध्ये वेगळ्या तक्त्यात भरले आणि तो तक्ता रुग्णांच्या नोंदींशी जुळवला. सव्वीस नावं आली. सतरा नवी.

"रिपोर्ट जाऊन चार दिवस झाले," नीलकंठ दबक्या आवाजात म्हणाले. "आता सतरा कुठून आले, विचारतील. जरा थांब, आधी मी ट्रस्टशी बोलतो."

"चूक माझी आहे, तसं मी लिहून देते. पण फोन आत्ताच जाणार."

ते दारातच उभे राहिले. ती नंबर फिरवत राहिली.

दुपारपर्यंत काकांसकट पंधरा जण आले. दोन राहिले. त्यांतल्या एका बाईंच्या मुलाने फोन उचलला. "अम्मा की आँख तो परसों निकालनी पड़ी," तो म्हणाला. "आप लोग अब फोन कर रहे हैं?"



डॉक्टर बाहेर आले. काकांचा डोळा काढावा लागणार नव्हता, पण नजर परत येईल असं ते म्हणाले नाहीत.

शेवटचा नंबर लागतच नव्हता. पत्ता मुन्शी घाटाजवळच्या गल्लीतला होता. म्हातारी एकटी राहायची. मधुरा तशीच उन्हात तिथे गेली. दाराला कुलूप होतं, आणि पायरीवर तीन दिवसांच्या दुधाच्या तीन पिशव्या फुगून पडल्या होत्या.